घड्याळजीची खूण

जुन्या घड्याळांच्या जागतिक बाजारात मुंबईचे नाव जवळजवळ शिवीसारखे घेतले जाते. 'मुंबई स्पेशल' म्हटले की लंडन-न्यूयॉर्कचा संग्राहक नाक मुरडतो. यंत्र एका घड्याळाचे, केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे, तबकडी नव्याने रंगवलेली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत एखाद्या बड्या स्विस कंपनीचे नाव, असा हा प्रकार. केशरी, पोपटी, गुलाबी तबकड्यांची ही घड्याळे चोरबाजाराच्या आसपास जुळवली जातात आणि जगभर विकली जातात. या छंदात नव्याने पडणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो हाच: भारतातून आलेल्या जुन्या घड्याळाच्या वाटेला जाऊ नका.

सल्ला अर्धा बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याशी मला भांडायचे आहे, आणि ते अक्कलकोटला बसून भांडलेले बरे. सोलापूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या, मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणाऱ्या या गावात घड्याळांचे लिलाव होत नाहीत की प्रदर्शने भरत नाहीत. इथे आहेत ती वापरलेली घड्याळे, आणि ती चालती ठेवणारे, आता बोटांवर मोजण्याइतके उरलेले घड्याळजी. बाजारापासून इतके लांब असले की वस्तूकडे किमतीच्या चष्म्याशिवाय पाहता येते. निदान तसा प्रयत्न तरी करता येतो.

माझा मुद्दा क्रोनोग्राफवरून मांडतो, कारण जुन्या घड्याळांच्या शौकिनांत सगळ्यात जास्त मान आणि सगळ्यात जास्त पैसा याच प्रकाराला आहे. क्रोनोग्राफ म्हणजे वेळ दाखवणाऱ्या घड्याळातच बसवलेले स्टॉपवॉच. चावीच्या वर एक बटण, खाली एक. वरचे दाबले की मधला लांब काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो, खालचे दाबले की झटक्यात शून्यावर येतो. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत निकोलस रियूसेकने जे यंत्र वापरले, ते प्रत्येक घोड्याच्या वेळेला तबकडीवर शाईचा ठिपका टाकत असे. पुढे शाई गेली आणि बटणे आली. तबकडीच्या कडेने तऱ्हेतऱ्हेच्या मोजपट्ट्याही आल्या: गाडीचा वेग काढायला, नाडीचे ठोके मोजायला, तोफेचा उजेड दिसल्यापासून आवाज ऐकू येईपर्यंतच्या वेळेवरून तोफ किती लांब आहे ते ठरवायला.

आपल्याकडे हे घड्याळ कमी आले, यात नवल नाही. ज्या सोलापुरात लोक गिरणीच्या भोंग्यावर उठत आणि भोंग्यावर जेवत, तिथे सेकंदाचा पाचवा भाग मोजायची गरज कुणाला? त्यातून स्वातंत्र्यानंतर परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध. एचएमटीने १९६१ पासून जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने घड्याळे काढली आणि घराघरांत पोचवली, पण जनता, पायलट, सोना, कांचन या नावाजलेल्या घड्याळांत क्रोनोग्राफ एकही नाही. तरी काही आलेच. एखाद्या डॉक्टरने विलायतेहून आणले, एखाद्या लष्करी अधिकाऱ्याकडे होते, आणि सत्तरच्या दशकापासून आखातात कामाला गेलेल्या माणसांच्या मनगटांवर सिको आणि सिटिझनचे ऑटोमॅटिक क्रोनोग्राफ उतरले. स्विस बनावटीचे जे आले त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात लँडेरॉन ४८ हे यंत्र सापडते. १९३७ च्या सुमारास निघालेले हे स्वस्त आणि दणकट यंत्र. त्याची एक खोड अशी, की वरचे बटण फक्त चालू करते. थांबवायचे ते खालच्या बटणाने, आणि शून्यावर आणायचे तेही खालच्याच बटणाने. हे माहीत नसलेला माणूस वरचे बटण दाबत राहतो आणि घड्याळ बिघडले म्हणून दुकानात येतो.

असे घड्याळ उघडलेले एकदा जवळून पाहावे. घड्याळजी पाठीमागचे झाकण काढतो, डोळ्याला भिंग लावतो, चिमट्याचे टोक टेकवून दाखवतो. साध्या घड्याळाच्या चाकांवर लोखंडी पट्ट्या, स्प्रिंगा आणि तरफा यांचा दुसरा मजला चढवलेला असतो. मधल्या काट्याच्या दांड्यावर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा एक चपटा तुकडा असतो. शून्यावर आणायचे बटण दाबले की एक हातोडी त्या बदामावर आपटते, आणि बदाम कुठल्याही स्थितीत असला तरी घसरत घसरत एकाच जागी येऊन बसतो. अडोल्फ निकोलने १८४४ मध्ये पेटंट घेतलेली ही युक्ती आजच्या यांत्रिक क्रोनोग्राफमध्येही तशीच आहे. पण आपटणे ते आपटणेच. वर्षानुवर्षे हातोडीचे तोंड झिजते, बदामाच्या खाचेला ओरखडा पडतो, काटा शून्याच्या अर्धे घर अलीकडे थांबू लागतो. काटा धावता करताना एक बारीक दातांचे चाक दुसऱ्या फिरत्या चाकाला येऊन भिडते. त्या भिडण्यात एक स्क्रू पाव वळसा इकडे-तिकडे झाला तर काटा उडी मारतो, नाहीतर अख्खे घड्याळ अडखळते.

म्हणजे दुरुस्तीशिवाय क्रोनोग्राफ जगत नाही. ज्याला कुणी हात लावला नाही असा साठ वर्षांचा क्रोनोग्राफ एक तर तिजोरीत पडून राहिलेला असतो, नाहीतर बंद असतो. लिलावगृहांच्या पुस्तिकांत सर्वांत मोठे कौतुक मात्र याच अस्पर्शपणाचे. केस पॉलिश केलेली नाही, तबकडी मूळची, काट्यांवरचा चमकणारा मसालाही मूळचा. (जुन्या काळी हा मसाला रेडियमचा असे. त्याची चमक विझली तरी किरणोत्सार विझत नाही. रेडियमचे अर्धायुष्य सोळाशे वर्षांचे आहे. अस्पर्शतेच्या भक्तांनी ते घड्याळ उशाशी ठेवून झोपू नये, एवढीच विनंती.)

बरे, 'मूळचे' म्हणजे काय? स्विस घड्याळांच्या धंद्याची जुनी रीतच मुळी जुळवाजुळवीची. यंत्र एका गावच्या कारखान्यातून, केस दुसरीकडून, तबकडी तिसऱ्याकडून, काटे चौथ्याकडून आणायचे, एकत्र बसवायचे आणि वर आपले नाव छापायचे. क्रोनोग्राफमध्ये तर हे जवळपास सगळ्यांनीच केले. व्हॅल्जू, व्हीनस, लेमानिया, लँडेरॉन या मोजक्या कारखान्यांची यंत्रे शेकडो नावांखाली विकली गेली. रोलेक्सचा डेटोना हा या छंदातला देव. त्याच्या पोटात १९८८ पर्यंत व्हॅल्जूचे यंत्र होते, त्यानंतर २००० पर्यंत झेनिथचे. अभिनेता पॉल न्यूमन याच्या नावाने ओळखली जाणारी त्याची प्रसिद्ध तबकडी सिंगर नावाच्या तबकडीवाल्यांनी केलेली. न्यूमनचे स्वतःचे घड्याळ ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरच्या वर गेले. या मूळपणाचा अर्थ एवढाच निघतो, की वेगवेगळ्या कारखान्यांतले भाग मान्यताप्राप्त छताखाली एकत्र आले. तेच भाग मुंबईतल्या पोटमाळ्यावर एकत्र आले की ती भेसळ ठरते.

त्याहून मजेशीर गोष्ट तबकडीच्या रंगाची. काही जुन्या काळ्या तबकड्यांचा रंग उन्हाने आणि दमटपणाने उडून तपकिरी झाला. रंगच कच्चा होता, असे कुणीही सरळ म्हणेल. बाजाराने त्या बिघाडाला 'ट्रॉपिकल' असे गोंडस नाव दिले आणि त्याची किंमत धडधाकट तबकडीच्या कितीतरी पट वाढवली. सोलापूरच्या मे महिन्यात आमची सगळी चीजवस्तू ट्रॉपिकल होते, तिला कुणी विचारत नाही, ते सोडा. पण न्याय कसा आहे पाहा: ऊन तबकडीला जे करते त्याचे पैसे मिळतात, माणूस जे करतो त्याचे कापले जातात. निसर्गाने केलेली नासाडी हा इतिहास आणि कारागिराने केलेली डागडुजी हा कलंक, या न्यायाला सौंदर्यशास्त्राचा कितीही मुलामा द्या, मुळात त्याला कारागिराच्या हाताचे वावडे आहे.

आता अक्कलकोटच्या राजवाड्याकडे वळतो. स्वामींचे दर्शन झाले की पुष्कळ माणसे भोसले संस्थानिकांचे शस्त्रागार पाहायला जातात. तलवारी, कट्यारी, बंदुका पाहून मुले हरखतात, मोठी माणसे वजनाचे अंदाज बांधतात. मराठी शस्त्रसंग्रहांविषयी एक गोष्ट अभ्यासकांना चांगली ठाऊक आहे, पाहणाऱ्यांच्या फारशी लक्षात येत नाही. मराठ्यांच्या ज्या सरळ पात्याच्या तलवारीला आपण फिरंग म्हणतो, तिचे पाते बहुधा युरोपातले. सोळाव्या-सतराव्या शतकांत सोलिंगेन, जिनोआ, टोलेडोकडची पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत, आणि इथला कारागीर त्यांवर आपली मूठ चढवी: रुंद परज, हाताला पुरेल अशी गादी, दोन्ही हातांनी धरता यावी म्हणून मागे काढलेला दांडा. शिवछत्रपतींची जगदंबा म्हणून जी तलवार ओळखली जाते, जी १८७५-७६ च्या भारतभेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून दिली गेली आणि आज ब्रिटिश राजसंग्रहात आहे, तिचेही पाते युरोपीय. त्यावर रोमन अक्षरांत ख्रिस्ताच्या नावाचा शिक्का आहे.

त्या तलवारीला कुणी 'दख्खन स्पेशल' म्हणून नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही. परक्या पात्यावर आपली मूठ चढवली म्हणून तिचा मान कमी झाला नाही, उलट त्या जोडणीमुळेच ती आपली झाली. तिची मूठ काढून तिथे कुठल्यातरी जर्मन कारागिराची 'मूळची' मूठ बसवू या, असे सुचवणाऱ्याला आपण वेड्यात काढू. मग सोलापूरच्या घड्याळजीने स्विस यंत्रावर बसवलेली काच, घासून बसवलेला स्प्रिंगचा तुकडा, हाताने रंगवलेली तबकडी यांनाच वेगळा कायदा का?

यावर जाणकार म्हणेल, तलवारीची मूठ आपण कुणाची आहे ते लपवत नाही. मुंबई स्पेशल लपवते. आक्षेप खरा आहे आणि मी तो पुरा मान्य करतो. शस्त्रांच्या दुनियेत हा रोगही जुनाच. परदेशी पात्याला भाव आहे म्हटल्यावर इथल्या लोहारांनी आपल्या पात्यांवर युरोपीय शिक्के ठोकले. युरोपातही वेगळे काय होते? पासाउ गावच्या पात्यांवरचा धावता लांडगा सोलिंगेनवाल्यांनी बिनदिक्कत उचलला. तेव्हा मूठ आणि शिक्का या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. मूठ चढवणे हे काम आहे. खोटा शिक्का ठोकणे ही फसवणूक आहे. साध्या यंत्रावर ओमेगाचे नाव छापून, शोभेची दोन बटणे लावून त्याला क्रोनोग्राफ म्हणून विकणारा खोटा शिक्का ठोकत असतो, आणि त्याच्यासाठी माझ्याकडे एकही सबब नाही. गरिबीची नाही, कौशल्याची तर मुळीच नाही. पण बापाच्या सिकोची तबकडी पावसाच्या पाण्याने सोलली म्हणून ती पुन्हा रंगवून घेणारा मुलगा, आणि ती रंगवणारा कारागीर, यांना त्याच पंक्तीला बसवणे हा अडाणीपणा आहे. बाजार नेमके तेच करतो, कारण बाजाराला भिंगातून दिसते ती नवी अक्षरे किती जाड आली आहेत आणि छोट्या तबकड्यांची वर्तुळे किती वाकडी आहेत एवढेच. ती का आली, हे भिंगातून दिसत नाही.

माझ्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सुनावली पाहिजे. दुरुस्तीचे कौतुक आपल्या अंगात इतके भिनलेले आहे, की जीर्णोद्धाराच्या नावाखाली आपण पुष्कळ नासाडी केली. हेमाडपंती देवळांच्या दगडांवर ऑइल पेंट कुणी फासला? आपणच. पंढरपूरला २०२४ मध्ये विठ्ठल मंदिराच्या जतनाचे काम निघाले, तेव्हा नंतर बसवलेल्या फरशा उतरवून आतला जुना दगड मोकळा करावा लागला. त्या फरशाही कुणीतरी भक्तिभावानेच बसवल्या असणार. हात चांगला असूनही काम चुकू शकते. म्हणून घड्याळजीने केले ते सगळे पूज्य, असे मी म्हणत नाही. जुनी तबकडी फक्त मळलेली असताना ती खरवडून नवा रंग देणाऱ्याला मी हात जोडून थांबवीन. यंत्र चालायला जे लागते ते करावे. चेहऱ्याला हात लावण्याआधी दहा वेळा विचार करावा. एवढी रेघ मला पुरते, आणि ती ओढताना प्रत्येक घड्याळापाशी पुन्हा वाद होणार हेही कबूल.

मग संग्राहकाने शोधावे काय? झाकणाची आतली बाजू. जुने घड्याळजी घड्याळ साफ करून बंद करण्याआधी झाकणाच्या आत सुईने बारीक खूण करत: तारीख, पावतीचा आकडा, नावाची आद्याक्षरे, कधी फक्त आपल्यालाच कळेल असे चिन्ह. तेच घड्याळ पुन्हा दुकानात आले तर हमीचा दावा खरा की खोटा, हे त्यावरून कळे. एकाच झाकणात चार-पाच वेगवेगळ्या हातांच्या खुणा आढळतात. कुणाची अक्षरे टपोरी, कुणाची मुंगीसारखी. कुठे इंग्रजी आकडे, कुठे देवनागरी. या खुणा म्हणजे घड्याळाची जन्मपत्रिका नव्हे, रुग्णालयातला केसपेपर. कधी काय दुखले आणि कुणी उपचार केले त्याची नोंद. स्वच्छतेच्या नादात झाकणाची ही आतली बाजूसुद्धा पॉलिश करून आरशासारखी करणारे शौकीन आहेत. त्यांना आपण काय पुसले याचा पत्ताच नसतो.

बाहेरच्या बाजूचीही तीच कथा. आपल्याकडे घड्याळ ही मुख्यतः देण्याची वस्तू होती. लग्नात जावयाला, निवृत्तीला कारकुनाला, बढती झाली की साहेबाला. पाठीवर 'सप्रेम भेट' आणि खाली नाव, साल. विकणारा पहिली गोष्ट करतो ती हे कोरीव काम घासून सपाट करण्याची, कारण परक्या माणसाचे नाव असलेले घड्याळ गिऱ्हाईक घेत नाही. पण मघाच्या त्या पॉल न्यूमनच्या घड्याळाच्या पाठीवर काय होते? बायकोने कोरून घेतलेला, गाडी जपून चालवायला सांगणारा मजकूर. त्या ओळीने किंमत कमी झाली नाही, वाढली. म्हणजे वापराच्या खुणांना बाजाराची हरकत नाहीच. हरकत आहे ती ज्यांना कुणी ओळखत नाही अशा माणसांच्या खुणांना. 'सप्रेम भेट' लिहून घेणारे सोलापूरचे गिरणी कामगार मंडळ हॉलिवूडमध्ये नव्हते, एवढाच त्याचा गुन्हा.

मराठीत संग्रहाची दुसरी एक रीत आहे आणि ती आपण विसरत चाललो आहोत. पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवाजमव सुरू केली. घरचा धंदा चष्म्याचा, स्वतः अज्ञातवासी या नावाने कविता करणारे. त्यांनी अडकित्ते गोळा केले, दिवे गोळा केले, दौती, दारे, स्वयंपाकघरातली भांडी. ज्याचे पाते सुपारी कातरून कातरून झिजले आहे असा अडकित्ता त्यांच्या दृष्टीने उणा नव्हता. न वापरलेला अडकित्ता मिळाला असता तर त्यात सांगण्यासारखे फारसे काय होते? हाच डोळा क्रोनोग्राफकडे वळवला तर प्रश्न बदलतात. हे कुणाच्या हातात होते, त्याने यावर काय मोजले, कुठल्या गावच्या घड्याळजीने ते तीस वर्षे चालू ठेवले, असे विचारता येते. बाजाराच्या प्रश्नांपेक्षा यांची उत्तरे शोधणे अवघड आहे, म्हणूनच संग्राहकाला करण्यासारखे काही उरते. नाहीतर पैसा असला की लिलावात हात वर करायला कसले कौशल्य लागते?

आणि हे तातडीचे आहे, कारण ज्यांना उत्तरे माहीत आहेत ती माणसे जात आहेत. एचएमटीचे घड्याळांचे कारखाने बंद करण्याच्या निर्णयावर २०१६ मध्ये शिक्कामोर्तब झाले. त्याआधीच सेलवरच्या घड्याळांनी घड्याळजीचे काम सेल बदलण्यावर आणि पट्टे लावण्यावर आणून ठेवले होते. मोबाइल आल्यावर तेही गेले. तालुक्याच्या गावी जिन्याखालच्या हातभर टपरीत बसणाऱ्या माणसाकडे आज लँडेरॉन किंवा सिकोचा क्रोनोग्राफ उघडण्याइतका हात शिल्लक असेल, तर तो त्याच्याबरोबरच संपणार आहे. त्याच्याकडे जुन्या घड्याळांतून काढून ठेवलेले सुटे भाग काड्यापेट्यांत आणि गोळ्यांच्या डब्यांत पडून असतात, आणि कुठला भाग कशाचा हे त्याच्याखेरीज कुणाला सांगता येत नाही. संग्राहक त्याच्या दुकानात जातो तो बहुधा पडलेले एखादे घड्याळ पाचशे रुपयांत उचलता येते का ते पाहायला. त्याऐवजी त्याने एक वही घेऊन बसावे, झाकणांतल्या खुणा कुणाकुणाच्या ते विचारावे, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून घ्याव्यात आणि त्या वेळेचे पैसे रोख द्यावेत. दुरुस्तीला घड्याळ दिले तर पावतीवर काय बदलले ते लिहून घ्यावे आणि काढलेला जुना भाग कागदाच्या पुडीत परत मागून घ्यावा. पुढे विकायची वेळ आली तर पावती आणि पुडी घड्याळाबरोबर द्यावी. तबकडी पुन्हा रंगवली असेल तर कुणी, कधी आणि का, ते सांगावे. लंडनच्या गिऱ्हाइकाने त्यावर भाव पाडला तर पाडू द्यावा. हळूहळू असे गिऱ्हाईकही मिळेल, जे पावतीवरचे घड्याळजीचे नाव वाचून चार पैसे जास्त मोजेल. मुंबईचे नाव शिवीसारखे घेतले जाते ते रंगवलेल्या तबकड्यांमुळे कमी, आणि रंगवणाऱ्याचे नाव कुणीच लिहून ठेवले नाही म्हणून जास्त.